बाबांचा फोन चार्ज होईना

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि गाझियाबादच्या हवेला त्या दिवसांत येतो तसा जळक्या रबराचा वास येत होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एअर प्युरिफायरचा लाल दिवा दिवसभर पेटलेला. घरात सगळ्यांची नाकं चोंदलेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे निघालं त्याचा तुम्हाला वास कसा आला नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडेच राहत होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी आपलं सामान दोन बॅगांत भरलं आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिले. सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्यात. टापटिपीचा इतका सोस की रुमालालासुद्धा इस्त्री लागायची. जेवायला बसताना माझ्या नवऱ्याच्या नखांवर त्यांची नजर जायची, आणि नवरा पन्नाशीचा. पाण्याच्या ग्लासावर बोटाचा ठसा दिसला तर ग्लास परत करायचे. मला या सगळ्याचा जाच व्हायचा, पण मनातून मी त्यांना मानायची. घरात एक तरी स्वच्छ माणूस आहे, असं मी मैत्रिणींना सांगायची.

त्यांना साखरेचा आजार जुना. बिनसाखरेचा चहा पिताना ते असा चेहरा करायचे की मलाच अपराधी वाटावं. गोळ्या वेळेवर घेत. जेवणात भात मोजका. तरी महिन्यागणिक रिपोर्ट बिघडत चालला होता, आणि डॉक्टर गोळी बदलत होते.

त्यांचा फोन आमच्या मुलीने घेऊन दिलेला. ती बंगळुरूला नोकरी करते. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती आजोबांना व्हिडिओ कॉल करायची, आणि त्यासाठी बाबा केस विंचरून तयार बसायचे. एका दुपारी ते फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अगं, हा चार्जच होत नाहीये. सकाळपासून लावलाय, आणि आहे तिथेच आहे."

मी घरून काम करत होते. उठले, प्लग काढून दुसऱ्या बोर्डला लावला. काही नाही. माझी केबल लावली. काही नाही. नवऱ्याच्या चार्जरला जोडला. फोन एकदा थरथरला, आणि पडद्यावर सूचना आली की चार्जिंगच्या जागी ओलावा आहे, केबल काढून घ्या.

"ओलावा?" बाबा म्हणाले. "मी काय तो आंघोळीला नेतो? धूळ असेल. या शहरात दुसरं आहे काय!"

ते पटण्यासारखं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत टीव्ही सकाळी पुसला तर संध्याकाळी त्यावर नाव लिहिता येतं. मी फोन बंद केला, केसांच्या ड्रायरची गार हवा मारली, खिडकीशी उलटा ठेवला. संध्याकाळी पुन्हा लावला तर पुन्हा तीच सूचना.

नवरा ऑफिसातून आला. त्याने फोन हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि त्या भोकात जोरात फुंकर मारली. मग ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "गोड लागतंय यार."

"काय गोड लागतंय?"

"कुछ नही. वाटलं तसं." आणि तो हात न धुता जेवायला बसला.



रात्री झोपण्याआधी त्याने नेटवर वाचून एक उपाय केला आणि मला सांगितला नाही. सकाळी डब्यासाठी भात लावायला मी तांदळाचा डबा उघडला. माझा भाऊ दरवर्षी पुण्याहून आंबेमोहोर पाठवतो. तो मी पुरवून पुरवून वापरते. झाकण काढलं तर तांदळात अर्धा पुरलेला बाबांचा फोन, आणि त्याच्या भोवती मुंग्या. डब्याच्या काठावरून एक ओळ खाली उतरलेली, फळीवरून भिंतीपर्यंत गेलेली. वाटी घालायला मी हात आत घातला होता, तोवर काही मुंग्या मनगटावर चढल्यासुद्धा. फोनच्या खालच्या कडेला, चार्जरची पिन जाते तिथे, त्यांचा काळा गोळाच झाला होता. आत जात होत्या, बाहेर येत होत्या.

मी किंचाळले. नवरा दात घासता घासता आला.

"अरे यार, चींटियाँ! पण तांदूळ ओलावा ओढतो. सगळे हेच करतात."

"माझ्या खायच्या तांदळात? जो फोन तू तोंडात धरून फुंकलास तो?"

"मग चाळून घे ना."

मी सगळा तांदूळ कचऱ्यात टाकला. डबा उकळत्या पाण्याने धुतला. हात धुतले, पुन्हा धुतले, तरी मनगटावर काहीतरी चालतंय असं दुपारपर्यंत वाटत राहिलं.

मग वर्तमानपत्र अंथरून मी फोन घेऊन बाल्कनीत बसले. नाकावर मास्क, हातात रबरी मोजे. दातकोरणं आत घातलं, हलकेच फिरवलं आणि ओढलं. त्याच्या टोकाला एक तार आली. तपकिरी, चिकट, लांबणारी. मागोमाग एक लगदा. खिशातला कापूस, केस, आणि त्या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारं काहीतरी केशरी रंगाचं. त्यात मेलेल्या मुंग्या. अख्ख्या नव्हे, तुकडे. मी तो लगदा कागदावर पुसला आणि पुन्हा आत घातलं. जितकं काढावं तितकं निघत होतं. बाबा दाराच्या आत उभे राहून काचेतून बघत होते.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा. चिकट आहे, पाकासारखं."

ते काचेपासून मागे सरकले. मग म्हणाले, "बाईने हात लावला असेल. ती कशालाही हात लावते. आटा मळते, त्याच हाताने फोन उचलते."

कामवाली बाई आमच्याकडे मुलगी शाळेत होती तेव्हापासून येते. नवऱ्याने तिला लगेच बोलावलं. मी नको म्हणत असतानाच त्याने विचारून टाकलं. ती ओल्या हातांनी उभी राहिली आणि म्हणाली, "भैया, मैं तो अंकलजी का फोन छूती भी नहीं. अंकलजी खुद ही छूने नहीं देते." आणि बाबांकडे बघत राहिली. बाबा चष्मा पुसत होते. ती भांड्यांकडे वळली, आणि त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली.

दातकोरण्याने भागलं नाही. संध्याकाळी फोन पिशवीत गुंडाळून मी मार्केटमधल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराच्या गालात गुटखा. त्याने फोन मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्याचं चित्र समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं, म्हणजे गिऱ्हाइकांनाही दिसत होतं. त्या पडद्यावर फोनचं ते इवलंसं भोक गुहेएवढं झालं. भिंतींवर पाक सुकून काचेसारखा झालेला. त्यात रुतलेली एक मुंगी अजून पाय हलवत होती. बोटभर मोठा एकेक पाय.

दुकानदाराने मान मागे टाकून हसायला सुरुवात केली. लाल थुंकीचे थेंब काउंटरवर उडाले. शेजारच्या दुकानदाराला त्याने हाक मारली. "आ जा, देख! मॅडम मिठाई की दुकान लेकर आई है!" तो आला. स्क्रीनगार्ड लावायला आलेली दोन कॉलेजातली मुलंही पुढे सरकली. एकाने त्याचा व्हिडिओ काढला. मी तिथे गुन्हेगारासारखी उभी होते.

"चाशनी है," दुकानदार तोंड पुसत म्हणाला. "पूरा नीचे का पार्ट बदलेगा. कल ले जाना." आणि ज्या ब्रशने त्याने आत खरवडलं तो आपल्या पँटला पुसला.

मी फोन तिथेच ठेवला आणि निघाले. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एक हलवाई आहे. संध्याकाळी त्याच्या कढईभोवती गर्दी असते. मी रस्ता ओलांडायला थांबले आणि गर्दीत मला बाबांची लोकरी टोपी दिसली. ते रोज या वेळी खाली फिरायला जायचे. बागेतल्या बाकावर म्हाताऱ्यांची एक टोळी बसते, तिच्यात बसायचे. आज टोळी हलवायासमोर होती. बाबांच्या हातात द्रोण, द्रोणात जिलबी. ते घाईघाईने खात होते. चावत नव्हते, गिळत होते. पाक हनुवटीवरून मफलरवर ओघळत होता. खाऊन झाल्यावर त्यांनी एकेक बोट मुळापर्यंत तोंडात घालून चोखलं. एक जिलबी उरली होती, ती कागदात गुंडाळून जाकिटाच्या खिशात टाकली आणि हात खिशाच्या आतल्या कापडाला पुसले.

त्याच खिशात ते फोन ठेवत.

मी त्यांना हाक मारली नाही. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नंतर नवऱ्यालाही सांगितलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या अंगावर काटा आला. पाल अंगावर पडावी तसा. आयुष्यभर दुसऱ्याच्या ग्लासावरचे ठसे बघणारा हा माणूस, आणि त्याची ती चोखलेली बोटं. शिवाय भांडी घासणाऱ्या बाईवर ढकललेलं खोटं.

ते वर आले तेव्हा मी हॉलमध्येच बसले होते. नवरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन.

"बाबा, जाकीट द्या. धुवायला टाकते."

"कशाला? परवाच तर धुतलंय."

"द्या."

"अगं, थंडी वाजतेय मला."

"बाबा, मी तुम्हाला खाली बघितलंय."

ते खुर्चीत बसले. जाकीट काढलं नाही. मी जवळ गेले आणि स्वतःच्या हाताने त्यांचा खिसा उलटा केला. कागद फाटला होता. खिशाचं अस्तर कडक झालं होतं, वाळलेल्या कातड्यासारखं. त्यात जिलबीचे जुने तुकडे, एक गोळीचं रिकामं पाकीट, आणि मुंग्या. मुंग्या जाकिटावरून पँटवर गेल्या होत्या. माझी नजर त्यांच्याबरोबर खाली गेली. पायातल्या राखाडी लोकरी मोज्यावर, पुढच्या टोकाला, तसाच तपकिरी डाग होता. त्यावरही मुंग्या होत्या.

"पायांवरसुद्धा सांडलंय!" मी ओरडले. "मोजा काढा. आत्ता काढा."

"राहू दे," बाबा म्हणाले आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "मी काढीन. तू जा."

मला वाटलं पाक आहे. मी वाकले, टाच धरली आणि मोजा ओढला. तो निघेना. पुढे चिकटला होता. मी जोर लावला. बाबांनी हूं का चूं केलं नाही. मोजा सुटला आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी सुटून आलं.

मग वास आला. चोंदलेल्या नाकालाही आला. मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत येतो तसा, आणि त्यात टाल्कम पावडरीचा सुगंध मिसळलेला, त्यामुळे आणखी भयंकर. करंगळी काळी पडली होती. तिच्या शेजारचं बोट सुजून चकचकीत झालं होतं, आणि दोन्हींच्या मधे ओलं, पिवळट, पावडरीने लिंपलेलं भोक होतं.

नवरा सोफ्यावरून उठला, जवळ आला, बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून बाथरूमकडे पळाला. तो आत ओकत असल्याचा आवाज आम्ही दोघं ऐकत होतो.

"थोडं चिघळलंय," बाबा म्हणाले. "दुखत नाही अजिबात. होईल बरं."

नवरा बाहेर आला. दाराशीच थांबला. त्याचा जन्म दिल्लीतला, शाळा दिल्लीतली. त्याने मला विचारलं, "चिघळलंय म्हणजे?"

"सडलंय," मी म्हणाले. "तुझ्या वडिलांचा पाय सडलाय. गाडी काढ."

हॉस्पिटलमध्ये तरुण सर्जनने पट्टी लावता लावता विचारलं, "घर में किसी को बदबू नहीं आई?" मी सांगितलं की हवा खराब आहे, सगळ्यांना सर्दी आहे. ते खरंच होतं, पण बोलून झाल्यावर फार घाणेरडं वाटलं. सर्जनने समजावलं की इतकी वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांतली जाणीव जाते. चपलेतला खडा कळत नाही, जखम कळत नाही. त्याने दोन्ही बोटं काढली. पाय वाचला.

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी त्यांची खोली साफ करायला घेतली. पलंगाखाली, बॅगांच्या मागे, दुकानाच्या पातळ प्लास्टिक पिशव्या होत्या. नीट गाठी मारलेल्या, ओळीने ठेवलेल्या. टापटीप तिथेही सोडली नव्हती. एक उघडली. आत पू लागलेला कापूस आणि पट्ट्या. बाकीच्या उघडल्याच नाहीत. मास्कवर मास्क लावून मी त्या मोठ्या पिशवीत भरल्या, तरी जिन्यात मला थांबून भिंत धरावी लागली. बाई माझ्या मागून आली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि खाली घेऊन गेली.

वॉर्डात एका दुपारी बाबा आपणहून बोलले. त्यांना बरंच बरं वाटत होतं, उशीला टेकून बसले होते.

"तिथे खाली सगळे खातात गं. रोज. मी हात बांधून बसायचो. मग एक दिवस एकाने तुकडा हातात दिला." त्यांनी उशी सारखी केली. "घरी मला सगळे विचारतात, गोळी घेतली का, साखर किती आली. तिथे कोणी विचारत नाही."

"आणि पाय?"

"पाय दाखवला असता तर तुम्ही खाली जाऊ दिलं असतं?"

यावर माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. तसं झालं नाही. मला त्यांचं म्हणणं समजलं, अगदी पूर्ण समजलं, पण त्यांच्या बोटांकडे बघताना मला तो द्रोणच दिसत होता. मी मोसंबं सोलत होते, ते सोलून त्यांच्या हातात दिलं आणि हात धुवायला बेसिनवर गेले.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी बाईला खोलीत बोलावलं. त्यांचं हिंदी ऑफिसातलं, फाइलीवर लिहितात तसं. "उस दिन मैंने असत्य कहा था," ते म्हणाले. "फोन मुझसे ही खराब हुआ." ती फरशी पुसत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "अंकलजी, पैर ऊपर रखो. डॉक्टर ने बोला है ना." आणि पलंगाखाली पोछा फिरवत राहिली. तिने त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुरुस्तीच्या दुकानातून फोन नवऱ्याने आणला. व्यवस्थित चार्ज होतो. आजोबा आणि नात दुपारी बोलतात, आणि ते तिला पायातली नवी मऊ चप्पल कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात. तो फोन कधी उचलायची वेळ आलीच तर मी कागदी रुमालाने उचलते. वेडेपणा आहे हे मला कळतं.

पहिले काही आठवडे ड्रेसिंग मीच केलं. नर्सने शिकवलं होतं. पट्टी सोडवायची, सलाइनने धुवायचं, टिपून घ्यायचं, नवी जाळीदार पट्टी ठेवायची. मला रोज मळमळायचं आणि मी रोज करायची. मग ऑफिसच्या कामासाठी मला सलग काही दिवस बाहेरगावी जावं लागणार होतं. मी नवऱ्याला सांगितलं, "उद्यापासून तू."

"यार, मला नाही जमणार. नर्स लावू ना."

"नर्स नाही. तू."

मी निघण्याच्या आदल्या सकाळी त्याला करून बघायला लावलं. त्याने नाकाखाली बाम फासला, मास्क लावला, स्वयंपाकघरातला एप्रन घातला. मी बाहेर थांबले. दार अर्धं उघडं होतं. आधी कात्रीचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग नवऱ्याला ओकारीची कोरडी उबळ आली, पुन्हा आली, आणि बाबांचा आवाज ऐकू आला.

"तोंड बाजूला कर आधी. आता श्वास घे. घेतलास? आता बघ. बघायचं असतं, नुसतं पुसायचं नसतं."

"बाबा, प्लीज, हलू नका."

"मी हलत नाहीये. तुझा हात हलतोय."

मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. आतून परत उबळीचा आवाज आला, पण नवरा बाहेर पळाला नाही. मी आत गेले नाही.